‘बिहाइंड’ म्हणजे ‘सरका’ नव्हे

शेगडीसमोर एक कुक उभा आहे. एका हातात पॅनचा दांडा, दुसऱ्या हातात चिमटा, नजर पॅनमध्ये. त्याच्या पाठीमागे तीन-साडेतीन फुटांची वाट आणि वाटेपलीकडे कामाचं टेबल. त्या वाटेने दुसरा एक जण उकळत्या पाण्याचा टोप घेऊन येतोय. टोपात २० लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन २० किलो. दोन-तीन पावलं उरली की तो म्हणतो, ‘‘हॉट, बिहाइंड!’’

यावर पहिला कुक काय करतो? काहीच करत नाही. मान वळवत नाही, बाजूला होत नाही, हातातलं काम थांबवत नाही. फार तर कोपर अंगाशी घेतो. टोप त्याच्या पाठीमागून वीतभर अंतर राखून निघून जातो आणि कुणाच्याही कपाळाला आठी पडत नाही.

हॉटेलच्या किंवा कुठल्याही मोठ्या स्वयंपाकघरात दिवसभर हे चालू असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ‘बिहाइंड’ म्हणजे आपल्या ‘जरा सरका हो’चंच इंग्रजी रूप असणार. गर्दीत आपण ‘साइड, साइड’ म्हणत पुढे घुसतो, त्यातलाच प्रकार. प्रत्यक्षात अर्थ बरोबर उलटा आहे. ‘सरका’ ही मागणी आहे: मला जागा हवी आहे, ती तुम्ही करून द्या. ‘बिहाइंड’ ही खबर आहे: मी तुझ्या मागून जातोय, माझी वाट मी बघून ठेवली आहे, तू फक्त आहेस तसाच राहा. एवढा फरक डोक्यात बसला की किचनमधल्या बाकीच्या हाका फारशा समजावून सांगाव्या लागत नाहीत. म्हणून या एका शब्दावर जरा रेंगाळतो, बाकीचे पटापट उरकू.

एका किचनमध्ये बघ्या म्हणून उभा असताना मीही ‘बिहाइंड’ ऐकून अदबीने एक पाऊल मागे घेतलं होतं. मागच्याच्या हातातला ट्रे कसाबसा वाचला. मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सरकलं तर बिघडतं काय?

अरुंद बोळात समोरून कुणी आलं की होणारा नाच आपण सगळ्यांनी केलेला आहे. तुम्ही डावीकडे, तोही तिकडेच. तुम्ही उजवीकडे, तोही तिकडेच. दोघंही सभ्य, दोघंही वाट द्यायला उत्सुक, आणि म्हणूनच दोघंही अडकलेले. बोळात हसून सुटका होते. हातात उकळतं पाणी असेल तर होत नाही.

टोप घेतलेल्या माणसाच्या जागी जाऊन बघू. त्याला झटकन थांबता येत नाही. तो थांबला तरी टोपातलं पाणी थांबत नाही. ते पुढे जातं, काठावर चढतं आणि मग परत फिरतं. रुंद भांड्यातल्या पाण्याला हिंदकळण्याचा स्वतःचा ठेका असतो, आणि भांडं जितकं रुंद तितका तो संथ. साधारण ४० सेंटिमीटर व्यासाच्या टोपात पाणी सेकंदाला दीडेक वेळा हिंदकळतं. माणूस चालताना सेकंदाला दीड ते दोन पावलं टाकतो. म्हणजे चालीचा ठेका आणि पाण्याचा ठेका जवळजवळ जुळून येतात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की तो जसा चढत जातो, तसं पाणी प्रत्येक पावलागणिक चढत जातं. कपातली कॉफी चालताना का सांडते, याचं गणित मांडणाऱ्या दोन शास्त्रज्ञांना २०१२ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं हे पारितोषिक. टोप उचललेल्या माणसाला त्यातलं हसू येत नाही एवढंच. सरावलेला हात काय करतो, तर टोप काठोकाठ भरत नाही आणि पावलं लहान टाकतो. एकदा चाल जमली की ती मोडणं त्याच्या जिवावर येतं.

शिवाय त्याच्या हातात वेळ मोजकाच असतो. कोरडं फडकं उष्णता अडवतं ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. तेच फडकं ओलं असेल तर हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता पुढे सोडतं. (ओल्या फडक्याने गरम दांडा धरायचा नाही, हे किचनमध्ये पहिल्या दिवशी सांगतात, पटतं मात्र एकदा चटका बसल्यावर.) कोरडं फडकंही काही वेळाने तापतंच. ‘आधी तुम्ही, नाही नाही, आधी तुम्ही’ करायला सवड नसते.

आणि टोप पोटाशी धरला की पायाखालची जमीन दिसत नाही. म्हणून वाट निघण्याआधीच बघून ठेवावी लागते. उभ्या माणसाची पाठ कुठे, टेबलाची कड कुठे, मधे किती जागा, हे सगळं त्याने डोळ्यांनी मापून घेतलेलं असतं. उभा माणूस जागचा हलला नाही तर ते माप खरं राहतं. तो हलला, अगदी सौजन्याने हलला, तरी माप चुकतं.

चुकलं तर सावरायला उसंत मिळत नाही, हे आकड्यांत बघा. ६० अंश सेल्सिअसचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी खोलवर भाजू शकतं. ७० अंशांना सेकंदभर पुरतो. टोपातलं पाणी १०० अंशांचं, तळणीचं तेल १७० ते १९० अंशांचं, आणि तेल पाण्यासारखं ओघळून जात नाही, अंगाला धरून राहतं. चटका बसल्यावर हात मागे घेणं हा इथे उपाय होऊ शकत नाही. जे काय करायचं ते चटक्याच्या आधी.

कानांचा घोटाळा

आता हाकच का? साधं कारण असं की डोळे समोर आहेत. दोन्ही डोळे मिळून आडव्या पट्ट्यात सुमारे २०० अंशांचा परिसर टिपतात, त्यातही कडेचं धूसरच. उरलेले १६० अंश, म्हणजे नेमकी पाठीमागची वाट, आपल्यासाठी नसल्यातच जमा. कानांचं तसं नाही, ते चहूकडचं ऐकतात. शिवाय आवाजावर शरीर जरा लवकर हलतं: प्रयोगशाळेत दिव्याच्या खुणेवर बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, आवाजाच्या खुणेवर साधारण ०.१५.

पण कानांचा एक गोंधळ आहे, आणि मला या सगळ्या विषयातली तीच गोष्ट सर्वांत मजेशीर वाटते. आवाज कुठून आला हे मेंदू मुख्यतः दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी शिरतो आणि डाव्या कानात क्षणार्धाने. हा उशीर फार तर ०.७ मिलिसेकंद, तरी मेंदू तो अचूक पकडतो. आता आवाज बरोबर पाठीमागून आला तर? दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. आणि बरोबर समोरून आला तर? तेव्हाही एकाच वेळी! फरक शून्य. म्हणजे या हिशेबाने समोरचा आणि मागचा आवाज सारखाच.

शांत जागी कानाच्या पाळीच्या वळ्या मदतीला येतात. मागून आलेला आवाज त्या किंचित वेगळा करून आत पाठवतात. तेवढ्याने भागलं नाही तर आपण नकळत मान जराशी फिरवतो आणि मेंदूला हवा तो फरक मिळतो. किचनमध्ये या दोन्ही सोयी लंगड्या पडतात. डोक्यावर धूर ओढणारा पंखा घोंघावत असतो, भिंतींना टाइल्स, टेबलं स्टीलची; आवाज जिथे तिथे आपटून परत येतो. मान वळवायची तर वर आपणच मनाई केली. अशा जागी नुसतं ‘ए!’ किंवा ‘अरे!’ ओरडलं तर कळतं इतकंच की कुणीतरी, कुठेतरी आहे. मग ऐकणारा शोधायला वळतो, आणि वळताना त्याच्या हातातला पॅनही वळतो.

म्हणून दिशा आवाजात ठेवून भागत नाही, ती शब्दातच घालावी लागते. ‘बिहाइंड’ हेच करतो. कानाला जे खात्रीने सांगता येत नाही ते शब्द सांगून टाकतो.

मराठीत याला ‘मागे!’ म्हणून बघा. अडचण लगेच लक्षात येईल. ‘मागे!’ म्हणजे ‘मी मागे आहे’ की ‘मागे हो’? आपल्या कानाला दुसरा अर्थ आधी सुचतो, कारण गर्दी हटवताना ‘मागे, मागे’ असंच ओरडतात. म्हणजे ज्या क्षणी माणसाने मागे पाऊल टाकू नये, नेमकं त्याच क्षणी आपण त्याला तसं करायला सांगून बसू. ‘मागून येतोय’ किंवा ‘मागून चाललोय’ चालेल, फक्त जरा लांब आहे. ‘गरम!’ मात्र अस्सल चालतं. तीन अक्षरांचं, त्याचा दुसरा अर्थ कुणी काढत नाही.

कधी म्हणायचं, कसं म्हणायचं

शब्द बरोबर असून वेळ चुकली तर तो नसलेला बरा. माणूस सेकंदाला साधारण चार फूट चालतो. म्हणजे दोन-तीन पावलं आधी हाक दिली तर ऐकणाऱ्याला सेकंद-दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात ऐकणं, समजणं आणि सुरू असलेली हालचाल आवरणं सहज होतं. दहा पावलांवरून दिली तर ती कुणासाठी आहे हेच कळत नाही. पाठीला नाक टेकल्यावर दिली तर माणूस दचकतो.

दचकणं इथे अगदी शब्दशः घ्या. अनपेक्षित मोठा आवाज कानामागे झाला की विचार सुरू होण्याआधीच पापण्या मिटतात, खांदे वर येतात, हात आखडतात. ही शरीराची जन्मजात सवय. ती शिकवून जात नाही. आखडणाऱ्या त्या हातात सुरी असली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे चांगली हाक ही किंकाळी नसते. खणखणीत, सपाट, रोजच्या बोलण्यापेक्षा थोडी वरच्या पट्टीतली, आणि दरवेळी तशीच. अनुभवी लोकांच्या हाकेत भावनाच नसते. स्टेशनावरची घोषणा जशी, तशी.

सगळ्यांनी आवाज चढवला तर काय होतं, यालाही नाव आहे. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली मांडलं. त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. एकाने आवाज वाढवला की तो दुसऱ्यासाठी गोंगाट, म्हणून दुसरा आणखी वाढवतो. रात्रीची ऐन गर्दीची वेळ असेल आणि कुणी लगाम घातला नाही, तर अर्ध्या तासात सगळं किचन ओरडत असतं आणि कुणाचंच कुणाला कळत नसतं. जिथे जेवणाऱ्यांना स्वयंपाकघर दिसतं अशा उघड्या किचनांमध्ये तर हाका जवळजवळ पुटपुटल्यासारख्या देतात आणि तरी काम चालतं, कारण बाकीची बडबड बंद असते.

आणि ऐकणाऱ्याचं काम? जागा सोडू नको, मागे पाऊल टाकू नको, वळू नको, कोपर बाहेर काढू नको. कडा चढणाऱ्या गिर्यारोहकांमध्ये असाच एक नियम आहे. वरून दगड सुटला की ‘रॉक!’ अशी आरोळी देतात, आणि खालच्याने वर बघायचं नसतं. बघावंसं वाटतंच. पण वर बघितलं की दगड तोंडावर. डोकं खाली, अंग कड्याला चिकटून. दोन्हीकडे सूचना ऐकल्यावर पहिली येणारी ऊर्मी दाबणं हेच शिकायचं असतं, आणि त्याला काही आठवडे लागतात.

बाकीच्या हाका

‘कॉर्नर’ ही वळणावरची हाक. इथे दोन्ही बाजू आंधळ्या असतात, त्यामुळे ‘बिहाइंड’चा नियम इथे चालत नाही. वळणाआधी ‘कॉर्नर!’ म्हणायचं आणि कान द्यायचा. पलीकडूनही ‘कॉर्नर!’ आलं तर एकाने थांबायचं. काही आलं नाही तर भिंतीपासून जरा लांबून वळायचं, कडेला घासून नाही. लांबून वळलं की पलीकडचं आधी दिसतं. काही ठिकाणी वळणावर फुगीर आरसा लावतात. आरसा उत्तमच, फक्त त्याच्यावर तेलकट वाफेचा थर बसला की तो शोभेपुरता उरतो.

‘डोअर’ दाराशी. झुलत्या दारांना डोळ्यांच्या उंचीवर काच असते ती याचसाठी, आणि शक्य असेल तिथे आत जायचं दार वेगळं, बाहेर यायचं वेगळं ठेवतात. ‘शार्प’ किंवा ‘नाइफ’ म्हणजे हातात सुरी आहे. ती टोक जमिनीकडे, मांडीला लगटून, धार मागच्या बाजूला अशी न्यायची. ‘हॉट’ एकटा किंवा दुसऱ्याला जोडून: ‘हॉट, बिहाइंड’, ‘हॉट, कॉर्नर’. ओव्हनचं दार उघडताना ‘ओव्हन!’ किंवा ‘ओपन!’. खाली वाकून कपाटातलं काही काढायचं तर ‘लो’ किंवा ‘डाउन’, कारण वाकलेला माणूस ट्रे धरून येणाऱ्याच्या नजरेतच येत नाही.

बघा, यांत एकही वाक्य नाही. क्रियापद नाही, कर्ता नाही. ‘कृपया’ तर नाहीच नाही. गोंगाटात शब्दातली व्यंजनं आधी पुसली जातात, स्वर टिकतात. त्यामुळे ज्या शब्दाचा स्वर लांब ओढता येतो तो शब्द तग धरतो. ‘बिहाइंड’मधला मधला ‘आइ’ ताणता येतो, ‘शार्प’मधला ‘आ’ही. आणि हे स्वर एकमेकांपासून वेगळे आहेत, म्हणून अर्धवट ऐकू आलं तरी कोणता शब्द होता याचा अंदाज लागतो. कुणी बसून अशी यादी आखली असेल असं मला वाटत नाही. वापरून वापरून जे ऐकू आलं तेच उरलं असणार.

इतर भाषांतही गोष्ट तीच. फ्रेंच किचनात ‘शो!’ म्हणजे गरम. गरम भांडं घेऊन येणारा ‘शो दव्हाँ!’ अशी आरोळी देतो. अमेरिकेतल्या अनेक किचनांमध्ये स्पॅनिश बोलणारे कामगार मोठ्या संख्येने असतात, तिथे ‘आत्रास!’ (मागे) आणि ‘काल्येन्ते!’ (गरम) हे शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही तोंडी बसलेले आहेत. फ्रेंच पद्धतीत तर ओरडणं हे एक पदच होतं. ओग्युस्त एस्कोफिए (१८४६–१९३५) या शेफने लष्करात स्वयंपाकी म्हणून काम केलं होतं, आणि किचनमधल्या कामाची पथकासारखी वाटणी त्याच्या नावाने ओळखली जाते. त्या पथकात ऑर्डरी मोठ्याने पुकारणारा एक जण असतो, त्याचं नाव ‘अब्वाय्योर’. शब्दशः अर्थ, भुंकणारा.

‘हर्ड’ कुणी म्हणायचं?

किचनमध्ये आणखी एक शब्द सतत कानावर पडतो: ‘हर्ड’, ऐकलं. पण तो सगळ्या हाकांना लागू नाही, आणि नवख्यांची इथे गल्लत होते.

ऑर्डर पुकारली की तिला उत्तर हवंच. नुसतं ‘हर्ड’ म्हणण्यापेक्षा आकडा परत उच्चारणं जास्त चांगलं: ‘‘चार सूप, दोन सॅलड.’’ ‘‘चार सूप, दोन सॅलड, हर्ड.’’ कारण ‘ऐकलं’ म्हणणाऱ्याने नेमकं काय ऐकलं हे त्या शब्दावरून कळत नाही. याची किंमत विमानवाहतुकीने फार भयंकर रीतीने मोजली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणाच्या तयारीतल्या वैमानिकाचं संदिग्ध वाक्य आणि त्यावर नियंत्रकाचं ‘ओके’ हे त्या अपघाताच्या कारणांपैकी एक. त्यानंतर विमानांच्या बोलीत दोन गोष्टी पक्क्या झाल्या: महत्त्वाची सूचना पूर्ण परत म्हणून दाखवायची, आणि ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही. एका शब्दाला एकच अर्थ, आणि तो दुसऱ्या कामाला जुंपायचा नाही.

‘बिहाइंड’ला मात्र उत्तराची गरज नसते. प्रत्येक ‘बिहाइंड’वर सहा जणांनी ‘हर्ड’ म्हटलं तर गोंगाट दुप्पट होईल, आणि तसंही इथे उत्तर शरीर देतं: माणूस जागेवर स्थिर राहिला की ऐकल्याचं दिसतंच. स्थिर नसेल, अजून डुलत असेल, मागे झुकत असेल, तर त्याने ऐकलेलं नाही. तेव्हा परत म्हणायचं, आणि तोवर थांबायचं. लोक अर्धा नियम लक्षात ठेवतात. हाक दिली म्हणजे वाट आपली झाली, असं समजून सरळ चालत राहतात. हाकेने वाट मिळत नाही. वाट अजून तशीच आहे ना, हे तपासायला मिळतं.

हात का लावू नये?

काही जुन्या किचनांमध्ये मागून जाताना पाठीवर किंवा खांद्यावर हात टेकवायची पद्धत होती, अजूनही कुठे कुठे आहे. ‘मी इथे आहे’ हे सांगायला गोंगाटात स्पर्श कधी कधी शब्दापेक्षा खात्रीचा, हे खरं. पण त्यासाठी एक हात मोकळा हवा, आणि हात मोकळा असलेल्या माणसापासून धोका तसा कमीच. धोका दोन्ही हात गुंतलेल्यापासून. शिवाय स्पर्शानेही माणूस दचकतोच. आणि अरुंद वाटेच्या सबबीखाली नको तिथे हात लावणारे लोक असतात. ‘बिहाइंड’ मोठ्याने आणि दोन पावलं आधी म्हणण्याचा दंडक असला तर त्या सबबीला जागा राहत नाही. हे कारण मला बाकीच्या कारणांइतकंच मोलाचं वाटतं.

ज्यांना ऐकू येत नाही असे लोकही किचनमध्ये काम करतात, आणि तिथे हाकेवर विसंबून चालत नाही. त्यांची जागा शक्यतो अशी ठरवतात की पाठ भिंतीला लागेल आणि वाट नजरेसमोर राहील. समोर आरसा लावता येतो. स्टीलच्या टेबलावर थाप मारली तर तिचा कंप टेबलाला टेकलेल्या हाताला जाणवतो. जाण्यायेण्याची दिशा ठरवून टाकली, म्हणजे या गल्लीतून नेहमी डावीकडून उजवीकडेच जायचं, तर समोरासमोरच्या टकरींचं कारणच उरत नाही. खरं तर हे सगळं ऐकू येणाऱ्यांनाही उपयोगी आहे, पण ज्यांना ऐकू येतं ते ओरडून भागवतात.

हाका फसतात कुठे?

नवा मुलगा पहिल्या आठवड्यात लाजतो. आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या शेफच्या मागून जाताना ‘बिहाइंड’ म्हणजे हुकूम सोडल्यासारखं वाटतं, म्हणून तो ओठातल्या ओठात पुटपुटतो किंवा अंग चोरून गुपचूप निसटायला बघतो. त्याच्या हिशेबी हा विनय. शेफच्या हिशेबी गुन्हा. कारण शेफ कधीही वळू शकतो, आणि त्याच्या हातात कालवणाचं पळीभर गरम पाणी असेल की सोललेला कांदा, हे मुलाला ठाऊक नसतं. हाक द्यायला हुद्दा लागत नाही. भांडी घासणाऱ्याने दिलेली हाक मुख्य शेफलाही तशीच लागू, आणि त्यानेही तसंच जागेवर थांबायचं.

उलट टोकाला काही जण प्रत्येक पावलाला ‘बिहाइंड, बिहाइंड, बिहाइंड’ करत फिरतात. रिकाम्या हाताने, मोकळ्या वाटेवर. तासाभरात त्यांचा आवाज पंख्याच्या आवाजात जमा होतो आणि मग खरोखर गरम काही आणलं तरी कुणाचा कान टवकारत नाही. आणि तिसरी एक जात असते, त्यांचा ‘बिहाइंड’ दातओठ खाऊन येतो. अर्थ असतो, ‘हल की मेल्या!’. तिथे शब्द पुन्हा ‘सरका’ होऊन बसतो, लोक खरोखर सरकायला लागतात, आणि ज्या भरवशावर ही सगळी पद्धत उभी आहे तो जातो.

आता एकच प्रसंग राहिला, जो वरच्या कुठल्याच नियमात बसत नाही. वाट एकच, आणि दोन्ही टोकांकडून दोघं गरम भांडी घेऊन निघालेले. दोघांनीही ‘हॉट!’ म्हटलं, दोघांनीही ऐकलं. आता जागेवर थांबायचं कुणी? मानाचा प्रश्न इथे येत नाही. ज्याच्या हातात जास्त जड, जास्त गरम किंवा जास्त हिंदकळणारं आहे, तो आधी जातो, कारण थांबणं त्यालाच अवघड. दुसऱ्याने हाताशी असेल त्या टेबलावर भांडं टेकवायचं आणि तोंडाने स्पष्ट सांगायचं, ‘‘जा.’’ ते ‘जा’ ऐकल्याशिवाय पहिल्याने पाऊल उचलायचं नाही.